भगवानरावाचं पॅनल कसं पडलं

"हे कोनाले खरं वाटलं, त पुंजाजी मिशी उतरवून देईन!"

पुंजाजीची कुठलीही थाप या बोलीनंच सुरू व्हायची. पाहुणे हसले. वडनेर भोलजीचे शेषराव आणि त्यांचा भाऊ गोकुळला बघायला आले होते. गोकुळ अडतीस वर्षांचा. आजवर पोह्यांच्या बशीपर्यंत पोचलेली ही पहिलीच सोयरीक, म्हणून त्याच्या बापाच्या, पुंजाजीच्या, तोंडात साखर होती. शेषरावांनी आपलं सहज विचारलं होतं, "ग्रामपंचायतीत भगवानरावाचं पॅनल तीस वर्षं हाललं नाही. मंग औंदा काऊन पडलं हो?"

खरं कारण गावच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरं पारावर जमली, "जो बायको पाहून देईन त्याले मत" म्हणाली, आणि बापांना न विचारता गठ्ठ्यानं फिरली. गोकुळ त्यांच्यात पुढं. पण हे सांगावं तर पाहुणा विचारणार, एकाच गावात एवढी पोरं बिनलग्नाची कशी? म्हणून पुंजाजीनं सगळं भुतांवर ढकललं. भुतांची चौकशी कोणी करत नाही.

"मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायायची रांग लागली पाव्हणे. कोनी पाह्यलेल्या नाही. आमच्या पोरायच्याच वयाच्या. उन्हात उभ्या, पन सावली नाही! साहेब नाव विचारे, त चूप. बोटाले शाई लावे, त शाई खाली गळे."

"अन् मत कोनाले?" शेषराव हसत होते.

"भगवानरावाच्या इरोधात, सरसकट! त्याच्या जीपवर राग ना त्यायचा." गोष्ट रंगली की पुंजाजीच्या जिभेला वेसण राहत नसे. "हे पोरं जलमले तवा गावच्या पोटुशा बायायले शहरात सोनोग्राफीले तेच जीप नेत जाय. मशीनमधी पोरगी दिसली, का पोट खाली करून वापस. साहेबानं विचारलं, बायाहो, तुम्ही कोनाच्या? त एकेक जन बोट दाखोवे. पाटलाच्या घराकडं तिघी. खुद्द भगवानरावाच्या फाटकाकडं चौघी."

शेषराव हसायचे थांबले. बशी खाली ठेवून त्यांनी गोकुळकडं पाहिलं, मग पुंजाजीकडं.

"अन् तुमच्या दाराकडं?"

पुंजाजीला तेव्हा कळलं की गोष्ट कुठं येऊन उभी राहिली. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"आमच्याकडं? राम राम! एकबी नाही. आमचं घर साफ आहे पाव्हणे."

रुखमाबाई चहा घेऊन दारात आली होती. नवऱ्याच्या गोष्टींत आजवर ती कधी पडली नव्हती. तिनं ट्रे जमिनीवर ठेवला.

"खोटं बोलून राह्यले हे," ती मोठ्यानं म्हणाली. "त्या जीपमधी मी दोनदा बसली."