गाडीत काही निघालं नाही तर

आबांची जीप रस्त्यानं जायची ती प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखी. डावीकडच्यांना भेटून उजवीकडे, उजवीकडच्यांना भेटून डावीकडे, आणि मधोमध फक्त जाता जाता. समोरून येणारी वाहनं आदरानं थांबत. दूधवाल्याचा टेम्पो तर जीप लांबून दिसली की रस्ता सोडून मातीत उतरून उभा राहायचा. आबा हात वर करून त्याचे आभार मानायचे. हात वर केला की जीप आणखी थोडी टेम्पोकडे जायची.

आबा नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी हातानं रेघा काढल्या. आबांची रेघ वाकडी दिसली तर आधी पट्टी तपासा, असं तिथं म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. पेट्यांपर्यंत जाणारा रस्ता त्यांनीच कधीकाळी नकाशात दाखवला होता, आणि तो मुख्यतः तिथंच होता. प्रत्यक्षात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घळ आणि मध्ये दगडगोटे. म्हणून ही जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. ती त्या वाटेवर मावायची, पण तिनं सरळ जायचं मनावर घेतलं तरच. गेल्या काही महिन्यांत ते तिच्या मनात नव्हतं.

घरात याची कारणं ज्याची त्याची होती. आईंचं मत, ह्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा फुलांवर जास्त. लेकीचं मत, डोळे. लेक दंतवैद्य होती, पण डोळे तोंडापासून फार लांब नसल्यामुळे तिला तेवढा अधिकार वाटायचा. जावयाचं मत होतं की जीपचं स्टिअरिंग ढिलं झालं असावं. पण जावयाचं मत ऐकून घ्यायचं असतं, विचारात घ्यायचं नसतं, हा घराचा जुना शिरस्ता होता आणि जावई तो सगळ्यात काटेकोरपणे पाळायचा.

आबांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "गाडीत काही नाही."

हे ते मानभावीपणानं म्हणत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यांची झोप त्यामुळेच उडाली होती. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी कपबशी वाजायला लागली. मग सही अशी झाली की बँकेनं ती त्यांची मानायला नकार दिला. मग शर्टाची बटणं वहिनी लावू लागल्या. आता आपली पाळी, असं आबांनी मनाशी धरलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. डोंगरावरून आले की त्यांचे हात बराच वेळ थरथरत. अशा गाडीशी झटापट करून पहिलवानाचेही थरथरले असते. पण वाईटच ऐकायची तयारी केलेल्या माणसाला पुरावे आपण होऊन भेटायला येतात. ते हात खिशात ठेवू लागले आणि चहा बशीशिवाय मागू लागले.

त्यातून त्यांचे दोन नियम निघाले. जीप दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायची नाही, कारण त्याच्या हातात ती सरळ गेली तर? आणि गॅरेजला न्यायची नाही.

मग एका संध्याकाळी लेक दवाखान्यातून घरी येताना नेमकी त्यांच्या मागे सापडली. तिनं गाडीचा वेग कमी केला आणि घरापर्यंत आपल्या वडिलांचं चालवणं पाहिलं. अंगणात दोन्ही गाड्या थांबल्यावर ती, 'तोंड उघडा' म्हणताना वापरते त्या आवाजात म्हणाली, "आबा, किल्ली द्या."

आबांनी किल्ली दिली नाही. पोळी वाढायच्या आधी बोलायला सुरुवात झाली ती जेवण आटोपत आलं तरी चालू होती. लेकीनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचं ठरवलं. आबा म्हणाले, घे. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण हे गृहस्थ साध्या सर्दीला डॉक्टरकडे जात नसत. मग जावयानं घसा साफ केला आणि सुचवलं की माणसाच्या आधी गाडी दाखवावी, ती लवकर दाखवून होते. त्यावर मात्र आबा ताडकन उठले. गाडीत काही नाही, गाडी कुठंही जाणार नाही, आणि जावईबापूंनी आपलं दही संपवावं.

लेकीच्या ते लक्षात आलं. मेंदू तपासायला तयार असलेला माणूस गाडी तपासायला का घाबरतो? ती त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली. आबा ओट्याजवळ पाठमोरे उभे होते, हात खिशात.

"आबा, गॅरेजला न्यायला काय हरकत आहे?"

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "नेली, आणि गाडीत काही निघालं नाही तर?"

लेक तिथंच उभी राहिली. बाहेर आईंनी जावयाला आणखी दही वाढलं, कारण दोघांनाही ते ऐकू आलं होतं आणि काहीतरी करणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून जीप गॅरेजला घेऊन गेले. गॅरेजवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण तो बोलायला लागला की समोरचा घड्याळ बघायचा. त्यानं जीपच्या टपावर थाप मारली, स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून पाहिलं आणि निदान केलं. स्टिअरिंगला प्ले आहे, म्हणजे हातातलं चाक फिरवलं तरी सुरुवातीला गाडीला त्याचा पत्ता नसतो. त्याचं मूळ कायम एकच, स्टिअरिंगचा बॉक्स. खाली वाकून बघायची गरज नाही, नवशिके वाकतात. त्यानं बॉनेट उघडून बॉक्सवरचा स्क्रू आवळला, मग बोलता बोलता आणखी थोडा आवळला, आणि आता गाडी रेल्वेसारखी जाईल असं सांगितलं.

जीप घरी आणताना कळलं की चाक आता फिरवायलाच जड झालं होतं, आणि एका बाजूला वळवलं की तिथंच रुसून बसत होतं. त्याला हातानं परत आणावं लागे, आणि आणेपर्यंत जीप पलीकडच्या कुंपणाची विचारपूस करून आलेली असे. आबांनी ती कशीबशी अंगणात घातली. उतरले. पुढच्या चाकाकडे थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी आपण होऊन किल्ली लेकीच्या हातावर ठेवली.

"तज्ज्ञानं बघितलं ना," ते म्हणाले. "आता गाडीचा विषय संपला."

आबांनी भांडण केलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ते शांतपणे आत गेले आणि बूट नेहमीच्या जागी ठेवले. आईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावण्याऐवजी चष्मा पुसला, कारण चष्मा पुसण्याचं कारण कुणी विचारत नाही.

लेक मात्र किल्ली मुठीत धरून अंगणातच उभी होती. तिला राग आला होता, आणि तो हळूहळू योग्य माणसाकडे वळत होता.

"त्यानं खाली बघितलंच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी एखाद्याचा गाल बघून दात काढला तर चालेल का?"

तिनं दवाखान्याच्या पिशवीतला डोक्याला बांधायचा दिवा काढला. जुनी सतरंजी अंथरून ती जीपखाली सरपटत गेली. बाहेर तिच्या फक्त चपला दिसत होत्या. नवऱ्यानं विचारलं, तुला खालचं काही कळतं का? खालून उत्तर आलं की हलू नये ते हलतंय का, हे बघणं हाच तिचा धंदा आहे, आणि त्यानं बडबड न करता आबांना बोलावून आणावं.

आबा यायला तयार नव्हते. आईंनी त्यांना सांगितलं की मुलगी गाडीखाली आहे, आणि एवढं सांगून त्या गप्प राहिल्या. आबा अनवाणी धावत आले.

लेकीनं खालूनच किल्ली पुढे केली आणि त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. इंजिन बंदच ठेवायचं, किल्ली फक्त स्टिअरिंगचं कुलूप सुटेल इतकी, एक टप्पा फिरवायची, आणि चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं संथपणे हलवत राहायचं. आबांनी हात खिशातून काढले आणि कामाला लागले. जावई बाजूला वाकून उभा राहिला. त्याचा कुणालाच उपयोग नव्हता, पण त्याचा चेहरा काळजीत होता आणि तसंही कुणीतरी असायला लागतं.

खाली लेकीला मजेशीर गोष्ट दिसली. स्टिअरिंग फिरलं की बॉक्सचा दांडा हलत होता. त्याला जोडलेला लांब दांडा हलत होता. पण रस्त्यावर टेकलेले टायर मुळीच वळत नव्हते. त्याऐवजी पुढची चाकं जोडणारा अख्खा अक्ष, दोन्ही चाकांसकट, झोपेत कूस बदलल्यासारखा बाजूला सरकत होता. त्या अक्षाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा एक आडवा दांडा असतो. लेकीनं त्याच्या सांगाड्याकडच्या टोकावर बोट ठेवलं. रुग्णाच्या दातावर ठेवते तसं, अलगद, बाजूनं. आणि तिला ते बोटात कळलं. बोल्टाचं भोक झिजून लांबट झालं होतं. दांडा त्यात इकडून तिकडे हेलपाटे घालत होता. टायरांना आबांचा निरोप मिळायच्या आतच अक्ष जागा बदलून मोकळा होत होता.

"आबा, परत एकदा," ती म्हणाली.

आबांनी चाक हलवलं. बोटाखाली टक्क झालं.

"परत."

टक्क.

जीपखालून हसण्याचा आवाज आला. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"हलतोय," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा विचित्र येत होता. "मुळापासून हलतोय. आबा, गाडीत निघालं."

आबा पुन्हा आत सरकून बसले. चाक हलवायचं थांबवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बराच वेळ हलवत राहिले.

प्रोफेसरला बोलावलं. आल्यावर त्यानं या वेळी वाकून बघितलं आणि आपल्याला हाच संशय होता, फक्त आपण क्रमानं जात होतो, असं सांगितलं. कुणीही वाद घातला नाही. त्यानं आवळलेला स्क्रू पूर्ववत सैल केला, झिजलेल्या भोकावर दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या वेल्डिंग करून नवं, गोल, बोल्टाला चपखल बसणारं भोक पाडलं, दांड्यातलं रबराचं अस्तर, म्हणजे बुश, बदललं आणि जाडा बोल्ट आवळला. हे करताना त्यानं हलणाऱ्या दातांवर लेकीला व्याख्यान दिलं आणि तिनंही ते ऐकून घेतलं. आनंदात माणूस काय काय सहन करतो.

मग जीप चालवून बघायची ठरली. गावाबाहेर कालव्याच्या कडेनं सपाट, सरळ, रिकामा रस्ता होता, तिथं सगळे गेले. आबा स्टिअरिंगवर, शेजारी आई, मागे लेक, जावई आणि प्रोफेसर.

जीप निघाली, आणि पूर्वीसारखीच डोलू लागली.

जरा कमी, पण डोलू लागली. डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे गेली. प्रोफेसरकडेही बोलायला काही नव्हतं, असा प्रसंग गावानं पाहिला नव्हता. आबांची मान हळूहळू खांद्यात जाऊ लागली. त्यांच्या मनात कपबशी वाजत होती हे मागे बसूनही कळत होतं.

लेक रस्त्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. पूर्वी आधी जीप सरकायची आणि मग हात धावायचे. आता हात आधी धावत होते आणि जीप बिचारी सांगितलं तसं करत होती. ती काही बोलणार, तेवढ्यात आई बोलल्या. आई इतकी वर्षं आबांच्या शेजारी बसत आल्या होत्या, आणि त्यांना निदान करायला दिवा लागत नसे.

"अहो, ती काही म्हणत नाहीये आता. तुम्ही कशाला सारखी समजूत काढताय? सोडा की जरा तिला."

"सोडू?"

"सोडा. मी बसलेय ना इथे."

आबांनी वेग कमी केला. मग स्टिअरिंगवरून हात उचलले, तापलेल्या तव्यावरून उचलावेत तसे.

जीप सरळ गेली. एक झाड मागे पडलं, मग दुसरं, मग कालव्याचा छोटा पूल. जीप सरळच जात राहिली, जणू तिला दुसरं काही येतच नव्हतं. आबांचे हात स्टिअरिंगच्या वर हवेत तसेच होते. बोटं पसरलेली. उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कशालाही न टेकता. ते हलत नव्हते. लेकीनं ते ज्या बारकाईनं पाहिले त्या बारकाईला तिच्या दवाखान्यात लोक घाबरतात. मग ती मागे टेकून बसली आणि नवऱ्याचा गुडघा तिनं इतका घट्ट धरला की त्याला ओरडावंसं वाटलं.

प्रोफेसरनं दबकत विचारलं, की साहेब, पुढे वळण आहे, धरता का?

आबांनी धरलं. वळण घेतलं, कडेला जीप थांबवली, उतरले आणि सगळ्यांकडे पाठ करून कालव्याच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. जावई उतरायला लागला तर आईंनी त्याला बसवलं. पाणी काही विशेष नव्हतं, पण आबांनी ते मन भरेपर्यंत पाहिलं. मध्येच त्यांनी दोन्ही हात पुढे धरून बघितले. मागेपुढे केले. मग नाक शिंकरलं.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ लेकीनं जीपमध्ये बसूनच फोन करून पुढे ढकलली, रद्द केली नाही. डॉक्टर माणूस दुसऱ्या डॉक्टरची वेळ रद्द करत नाही. पण फोनवर बोलताना ती हसत होती, आणि पलीकडच्या बाईंना पेशंटच्या कन्येचं हसणं चमत्कारिक वाटलं असावं.

आबा परत आले ते चालकाच्या दारापाशी न जाता मागे आले. जावयाकडे बघून म्हणाले, "जावईबापू, उतरा. परतताना तुम्ही चालवा."

जावई उतरून पुढे जाऊन बसला. त्याच्या जागी बसलेल्या आबांनी पहिल्या पन्नास पावलांत त्याला गिअर उशिरा टाकलात, हॉर्न कशाला वाजवता, डावीकडे खड्डा आहे, आणि तो खड्डा नव्हे, दुसरा, असं सगळं सांगितलं. दूधवाल्याचा टेम्पो समोरून आला आणि सवयीनं मातीत उतरला, तेव्हा त्याला एवढं घाबरायला काय झालं, असंही विचारलं. जावयाला घाम फुटला. लेक खिडकीतून बाहेर बघत होती.

"बरे आहेत हो," आई पुढून म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं डोळे पुसले.