श्वास घेणारं आसन

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध माझी ताई आसनावर बसून थरथरत होती. समोरच्या मेणबत्तीची ज्योत वारा नसताना झुकत होती आणि आसनाखालून आवाज येत होता, हुस्स... हुस्स... दमेकरी म्हातारा झोपल्यासारखा. माणसं हात जोडून रडत होती.

"ऐका! आसन श्वास घेतंय!" भगव्या कफनीतले बाबा डोळे मिटून म्हणाले. "साखर पाण्यात विरघळते ना? तशी रक्तातली साखर या लहरींत विरघळते. सुई टोचणं म्हणजे देवावर अविश्वास!"

म्हणजे चहात चमचा फिरवला की साखर नाहीशी होते, एवढं या गृहस्थाचं विज्ञान. त्यावर विसंबून ताईने पाच दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, दर दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी. भाऊजी रडकुंडीला आले होते. "आता तूच बघ. माझं ऐकेल तर शपथ."

समजावून समजावून मीही थकलो होतो. सरळ तिला उचलून न्यायचं ठरवून आसनापाशी गेलो, वाकलो, आणि तो श्वास कानावर पडला.

ओळखीचा निघाला.

माझं गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी एक गोडबोल्या माणूस डिकीतला लाकडी खोका घेऊन आला होता. आतला सबवूफर, म्हणजे खोल हादऱ्याचा मोठा स्पीकर, फाटलेला, त्याच खोक्यात नवा बसवून हवा होता. "आवाज नको, नुसता हादरा हवा," म्हणाला. नवा सबवूफर जुन्या भोकाला किंचित लहान पडत होता. प्लायवूडची रिंग कापून, कडेने सील भरूनच बसवायला हवा होता. पण त्याला घाई, मला कंटाळा. फोमची पट्टी चिकटवली, स्क्रू आवळले. एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली. गाणं लागल्यावर कोणाला कळतंय, म्हटलं.

त्याच फटीतून हवा फुसफुसत होती, आणि हे लोक तिला देवाचा श्वास म्हणत होते.

मी आसनाच्या कापडाखाली हात घालून फटीवर तळवा दाबला. हुस्स बंद. ज्योत ताठ.

"आहाहा!" बाबांचे डोळे अजून मिटलेलेच. "श्वास बघा किती वाढला!"

"बाबा," ताई हळूच म्हणाली, "थांबलाय हो."

मी हात काढला, श्वास सुरू. ठेवला, बंद. तीनदा केलं. बाबांनी डोळे उघडले.

"अश्रद्धेचा हात लागला!"

"हात माझा, फटही माझीच," मी म्हणालो आणि कापड ओढलं. "हा खोका मी जोडलाय. वाईट जोडलाय, त्याची लाज वाटते. ही वायर पडद्यामागे जाते. तिथे यांचा शिष्य ॲम्प्लिफायर घेऊन बसलाय. थांबून थांबून इतका खोल सूर सोडतो, की कानाला कळत नाही, बुडाला कळतो."

पडदा मीच सरकवला. शिष्य म्हणजे तोच गोडबोल्या.

मग मागून एकाने विचारलं, "दादा, असा खोका आम्हाला करून द्याल का? फट ठेवूनच."

ताईचा हात धरून बाहेर पडलो.

दवाखान्यात साखर चारशे ऐंशी निघाली. नर्सने सुई भरली.

"पण मला खरंच हलकं वाटत होतं रे," ताई म्हणाली.

"वाटणारच. हादऱ्याने अंग सैल पडतं, ताई. साखर उतरत नाही."

तिने बाही वर सारली. मग दंड पुढे केला. "उद्याचं किती वाजता घ्यायचं?" तिने नर्सला विचारलं.

बाबाने दुसरीकडे हॉल घेतल्याचं कानावर आलंय. गर्दीही तेवढीच आहे म्हणतात. मी किती ठिकाणी तळवे दाबत फिरू? तुम्हालाही हात आहेत, डोळे आहेत. नाहीतरी पाया पडायला वाकताच. वाकलात की जरा आसनाखाली बघा.