पहिले तीन प्रयोग

संघप्रियाचं पत्र जून १९९८ मध्ये आलं. एकच पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शेवटी प्रश्न होता, ‘सर, पहिल्या तीन प्रयोगांच्या वेळी सूक्ष्मदर्शकातून तुम्हीही पाहिलं होतंत. ते आकडे तुम्हाला तरी खरे वाटतात का?’ उत्तराला ‘हो’ एवढा शब्द पुरला असता. तो मी आठ वर्षं लिहिला नाही.

मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचो. पुस्तकं वाचण्यापलीकडे माझ्या हातून फारसं काही झालं नाही. संशोधनाचा मार्गदर्शक तर नावापुरताच होतो, आणि संघप्रिया ही माझी एकुलती एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिचे वडील धोंडीराम इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला होते.

रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अंगभर हिंडतात आणि फिरून मान, काख, जांघ इथल्या लसिका ग्रंथींत शिरतात. एवढ्या मोठ्या शरीरात त्यांना नेमकी ग्रंथी सापडते कशी, हा तिचा विषय होता. पेशीच्या पृष्ठभागावर एक रेणू असतो. त्याच्या आधारानं ती ग्रंथीतल्या रक्तवाहिनीची भिंत धरते. नेमका तोच रेणू झाकून टाकणारी एक अँटिबॉडी परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं आम्हाला पाठवली होती. करंगळीच्या पेराएवढी कुपी, बर्फात घालून आलेली; आमच्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये ती गोठवून ठेवलेली असायची. संघप्रिया उंदराच्या पेशींना चमकणारा रंग द्यायची, त्यातल्या अर्ध्यांना अँटिबॉडी लावायची, त्या दुसऱ्या उंदरांच्या शिरेत सोडायची आणि तासाभरानं ग्रंथीत किती पोचल्या ते मोजायची. साध्या पेशी शंभर पोचल्या, तर अँटिबॉडी लावलेल्या जेमतेम दहा. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. मी स्वतः मोजून पाहिलं होतं.

मग खंडेनवमी आली. १९९७ साल. आमच्याकडे त्या दिवशी लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि पुजलेलं यंत्र दसरा होईपर्यंत चालवत नाहीत. संघप्रिया घरच्यांबरोबर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. जाताना म्हणाली, “सर, फ्रीजर तेवढा बघा.”

आमचा शिपाई आकाराम पूजा मन लावून करायचा. सूक्ष्मदर्शक, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं आणि तो फ्रीजपाशी आला.

“सर, ह्यो बी यंत्रच की. वरीसभर राबतोय बिचारा. द्या सुट्टी.”

मी घुटमळलो. एक सहकारी हसून म्हणाले, “थांब आकाराम, सरांना आधी पुस्तकात बघू दे.” सगळे हसले.

कुपी मला आठवत होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं की विसरलो होतो. सगळ्यांसमोर नको म्हणायचं धाडस झालं नाही. “असू दे सुट्टी,” म्हणालो, आणि आकारामनं फ्रीजचं बटण बंद केलं. वाटलं, संध्याकाळी येऊन चालू करू. संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप होतं. सणाच्या दिवशी आकारामच्या दारात किल्ली मागायला जायचा संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार.

सोमवारी सगळ्यांच्या आधी गेलो. फ्रीजखाली पाणी साचलं होतं. कुपीतलं गोठलेलं द्रव वितळलं होतं. मी बटण लावलं, रुमालानं फरशी पुसली. दुपारी संघप्रिया आली तेव्हा कुपी पुन्हा गोठलेली होती.

त्यानंतर तिचा एकही प्रयोग जमला नाही. अँटिबॉडी लावलेल्या पेशी इतरांसारख्याच ग्रंथीत पोचू लागल्या. चार वेळा केलं. विद्यापीठाच्या समितीतल्या एकानं विचारलं, “मग पहिले आकडे कुठून आणलेत? वडिलांच्या मागावर विणलेत काय?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फाइलचं पान उलटलं. महिन्याभरात तिनं नोंदणी रद्द करून घेतली.

अडीच दिवसांच्या उष्म्यानं आणि पुन्हा गोठण्यानं अँटिबॉडी बिघडतेच असं नाही. मी वाचून पाहिलं. एक पुस्तक म्हणतं टिकते, दुसरं म्हणतं नासते. खात्री नाही, एवढ्या एका वाक्यावर मी आठ वर्षं काढली.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी एक गृहस्थ येऊन बसले.

“सर, वळखलं न्हाय व्हय? संघप्रियाचा बा मी.”

ती कशी आहे, असं विचारलं.

“इचलकरंजीत एका लॅबात रक्त तपासती. पर एकेक नळी तीन-तीनदा बघती. मालक म्हणतो, बाई, पेशंट बरा हून घरी जातोय, तवा तुमचा रिपोर्ट येतोय.” ते हसले. “पुण्याच्या एका संस्थेत जागा निघालीय, संशोधनाची. मैत्रिणीनं फॉर्म आणून दिलाय. ह्या म्हैन्याअखेर द्यायचाय. ही हात लावत न्हाय. म्हणती, मागचं विचारलं तर काय सांगू.”

ते आणखी जवळ सरकले.

“सर, एक इचारू? मला त्यातलं कळत न्हाय. पोरीनं खोटं केलतं का? तिच्या आईला मी न्हाय म्हणून सांगितलंय. पर मला सोताला ठावं न्हाय.”

“नाही,” मी म्हणालो. “तिनं काही खोटं केलं नाही. चूक माझी होती.”

इतक्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. मी एवढं हळू बोललो होतो की त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ते बाहेर यायच्या आत मी निघून आलो. थांबून पुन्हा एकदा सांगणं, तेही मला जमलं नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिला खर्डा सगळा माफीचा झाला. वाचून पाहिला, तर तिनंच माझी समजूत घालावी असा सूर होता. फाडला. मग नुसतं घडलं तसं लिहिलं. फ्रीज कोणत्या दिवशी बंद झाला, कुणाच्या होकारानं, किती वेळ, आणि मी कुणालाही सांगितलं नाही. त्यामुळेच अँटिबॉडी बिघडली याची खात्री नाही, तेही लिहिलं. पण पहिल्या तीन प्रयोगांतले आकडे मी स्वतः मोजले होते, ते खरे आहेत. समितीपुढे हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हे पत्र हव्या त्या माणसाला दाखव. खाली तारीख आणि सही. तेच सगळं पुन्हा एकदा विद्यापीठाच्या नावे लिहिलं.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही लिफाफे पाहिले.

“काका, पिनकोड टाकायचा राहिलाय की ह्यावर. इचलकरंजीच्या.”

मी पेन काढलं. ‘राहू द्या, उद्या येतो,’ असं म्हणावंसं वाटलं. रांगेत मागे माणसं होती.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो. “तुम्हीच घालता का?”

त्यांनी आकडे लिहिले, दोन्हींवर शिक्का मारला आणि लिफाफे मागच्या पोत्यात टाकले.