सहा पट्ट्यांचा मासा

ब्राह्मणपाऱ्यात शिशिरच्या घरी शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात पॉसम जातीचा लाजाळू, बोटाएवढा लालसर मासा. रेल्वेत गार्ड असलेले शिशिरचे वडील श्यामराव निवृत्तीनंतर रोज जेवण झालं की तासभर त्या माशासमोर बसत.

मार्चमध्ये धाकटा भाऊ सौमित्र तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्यानंही तेवढीच टाकी घेतली, तसाच पॉसम आणला. श्यामराव रविवारी तिकडे जाऊ लागले. मग बुधवारीही.

"सौमित्रच्या टाकीतले दगड पाहून ये एकदा. गुलाबी पडून राहिले," ते सांगत.

शिशिर 'हं' म्हणे आणि टाकीची काच पुसत बसे. काच आधीच स्वच्छ असे.

जुलैत सौमित्रनं एक फोटो पाठवला. जांभळा मासा, अंगावर सहा केशरी पट्टे. पाठोपाठ फोन.

"दादा, ये सिक्स-लाइन मेरे पॉसम के साथ चलेगा ना? बाबांना दाखवला, ते तर फिदाच झाले."

शिशिरला उत्तर माहीत होतं. दोन्ही मासे रॅस कुळातले. मोठ्या टाकीत एकमेकांना टाळून राहतात. शंभर लिटरमध्ये सहा पट्ट्यांचा दुसऱ्याला सुखानं जगू देत नाही. पण त्याच्या डोक्यात 'बाबांना दाखवला' एवढंच अडकलं.

"चालेल," तो म्हणाला. "दोघं लहानच राहतात."

मासा आल्यावर नवव्या दिवशी श्यामराव तेलीबांध्याला गेले ते परतलेच नाहीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी शिशिर स्कूटर काढून गेला. श्यामराव स्टुलावर बसले होते, दाढीचा आरसा टाकीच्या काचेला लावून. सिक्स-लाइन आरशातल्या माशावर धावून जात होता. मागे दगडाच्या फटीत पॉसम दडला होता, शेपूट कुरतडलेली.

"आरसा हटवला का मारते त्याले," श्यामराव म्हणाले. "मी दिवसा, सौमित्र संध्याकाळी. ड्यूट्या लावल्या आम्ही."

"मला फोन करायचा ना."

"काहून? तुलेच इचारून आणला म्हणे त्यानं."

सौमित्र दारात उभा होता.

"मला माहीत होतं, बाबा," शिशिर म्हणाला.

"हव." श्यामरावांनी आरसा दुसऱ्या हातात घेतला. "मग आता काढ त्याले."

प्लास्टिकच्या बाटलीचा सापळा करून मासा धरायला साडेतीन तास लागले. मुंबईचा विक्रेता परत घेत नव्हता. सिक्स-लाइनला ठेवायला शिशिरचीच टाकी उरली होती, म्हणजे तिथला पॉसम हलवणं आलं. दोन पॉसम एका टाकीत नांदतात.

संध्याकाळी शिशिरनं सिक्स-लाइन घरी नेऊन टाकीत सोडला आणि आपला पॉसम डब्यात घालून तेलीबांध्याला आणला. पाण्यात सोडल्यावर मासा थोडा वेळ तळाशी थांबला, मग दुसऱ्या पॉसमच्या फटीकडे गेला. श्यामरावांनी स्टूल पुढे ओढलं.

"पाह्य, पाह्य सौमित्र, जवळ चालला!" मग मान न वळवता, "शिशिर, मी इथंच थांबतो रे आज. उद्याचंही पाहू."

शिशिरनं रिकामा डबा धुतला आणि निघाला.