आधी विका, मग लिहा

आमच्या घरात कुठलीही वस्तू सुखासुखी येत नाही. मिक्सर घ्यायचा झाला तरी आधी त्याचा रिव्ह्यू होतो. दामोदर, म्हणजे माझे यजमान, जन्मभर इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत उपग्रहांची सोलर पॅनेलं तपासत होते. माणूस निवृत्त झाला, खोड झाली नाही. दर शनिवारी सकाळी फिरून आले की त्यांचे जुने सहकारी हयवदन आणि नागोजीराव बसवनगुडीतल्या आमच्या हॉलमध्ये ठाण मांडतात आणि ऑफिसातल्या पद्धतीने काही ना काही तपासतात. एकाने वस्तू मांडायची, बाकीच्यांनी हरकती घ्यायच्या, उत्तर मिळाल्याशिवाय पास करायचं नाही. आणि वस्तू ज्याची असेल त्याने निकालाच्या वेळी खोलीबाहेर जायचं. मिक्सरच्या वेळी मला गॅलरीत उभं केलं होतं आणि आत तिघं माझीच कॉफी पीत बसले होते.

एक प्रश्न मात्र या रिव्ह्यूत कधी निघत नाही, तो म्हणजे किमतीचा. वस्तू चालते का, किती दिवस टिकेल, उन्हात काय होईल, सगळं विचारतील. केवढ्याला पडली, हे विचारायची त्यांना सवयच नाही, कारण ती किंमत जन्मभर सरकारने दिली. मी हायस्कुलात गणित शिकवलं. मला आधी किंमतच सुचते आणि मग मी कद्रू ठरते.

पैशाची गोष्ट मला सुचते त्याला कारणही आहे. मुकुल आमचा एकुलता. वयाने छत्तीस वर्षांचा, समजुतीने आठ-नऊचा. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सुबक घालतो, नारळ खवून देतो, पण गॅस लावू शकत नाही आणि एकटा रस्ता ओलांडू शकत नाही. आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास. मरणाची मला भीती नाही, आमच्या मागे हा दारात उभा राहून वाट बघत बसेल याची आहे. त्याच्या जुन्या शाळेतल्या महानंदाबाईंनी आनेकलजवळ अशा मोठ्या मुलांसाठी घर चालवायला घेतलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. बाई निपाणीकडच्या, बोलायला रांगड्या पण मायाळू. त्या नव्या खोल्या बांधणार होत्या, त्यातली एक मुकुलची. आम्ही एकरकमी ठेव द्यायची आणि मग त्यांनी त्याला जन्मभर सांभाळायचं, असं ठरलं होतं. ती रक्कम आमची बँकेत पडून होती. पुरेल का, ही चिंता दामोदरांना होती. मलाही होती, पण मी ती बोलून दाखवत होते आणि ते पोटात ठेवत होते.

अशात नागोजीरावांचा पुतण्या गिरीराज एक काच घेऊन आला. पोरगा शेअरच्या टिपा देतो. त्याचा फोनवर मोठा ग्रुप आहे आणि आमचे तिघं शहाणे त्यात केव्हाच भरती झालेले. काच तळहाताएवढी, काळपट तपकिरी. तिच्यावर पेरोव्स्काइट नावाचा नवा पदार्थ शाईसारखा पसरलेला. ऊन पडलं की वीज, आणि नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा पुढे कितीतरी स्वस्त. अर्ककिरण मटेरियल्स नावाची कंपनी हे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत बनवणार आणि वर्षभरात शेअर दसपट होणार, असं गिरीराजचं म्हणणं. पी हळद अन् हो गोरी!

पण काच पाहून दामोदरांचा चेहरा असा काही उजळला, की मला ओरडवेना. गच्चीवर भर दुपारी तिघं म्हातारे टोप्या घालून मीटर लावून बसले. मोजून मोजून आकडे काढले. काच खरोखर चालत होती, आणि गिरीराजने सांगितलं होतं तेवढीच चालत होती.

"ह्युमिडिटी?" हयवदनांनी एकच हरकत घेतली. "या पदार्थाला दमट हवा सोसत नाही. स्वल्प दिवस ठेवून बघायला पाहिजे."

"सरी, बरोबर," दामोदर म्हणाले, आणि काच आमच्या बाथरूमच्या फळीवर गेली. ती हरकत 'नंतर पाहू'मध्ये टाकून बाकी सगळं पास झालं. हयवदनांनी ग्रुपवर लिहिलं, की दामोदर यांनी स्वतः मोजून पाहिलं आहे आणि दावा खरा आहे. गिरीराजने तो मजकूर दामोदरांच्या हुद्द्यासकट गावभर फिरवला. शेअर चढायला लागला.

मी माझ्या पद्धतीने पाहिलं. कंपनीची माहिती कुणालाही वाचता येते, फक्त वाचायचा कंटाळा नको. दोन वर्षांपूर्वी या कंपनीचं नाव वेगळं होतं आणि ती ग्रॅनाइट विकत होती. विक्री जवळजवळ शून्य. मालकांच्या हातातला वाटा दर तिमाहीला कमी होत चाललेला.

"अहो, ज्यांची कंपनी तेच गुपचूप विकतायत," मी म्हणाले, "आणि तोंडाने मात्र सूर्यनारायणाची आरती चाललीय. आणखी काय पुरावा हवा?"

"ते फायनान्स झालं, हेमा. टेक्नॉलॉजी पक्की आहे."

"टेक्नॉलॉजी पक्की असेल. ती यांच्याकडे आहे का?"

त्यांच्या रिव्ह्यूत हा प्रश्नच नव्हता. जन्मभर त्यांच्यासमोर आलेली वस्तू ज्याने आणली त्यानेच बनवलेली असायची.

मी हट्टच धरला. मुकुलला शेजारी चंद्राबाईंकडे ठेवून आम्ही रविवारी मेट्रोने पीण्याला गेलो. रविवारीही कारखाना दाखवायला गिरीराजने एक मॅनेजर उभा केला होता. कारखाना होता, नाही असं नाही. पाटी चकचकीत, चहा चांगला. आत मोठ्या काचेपलीकडे पांढरी खोली आणि तिच्या मधोमध मोठं यंत्र, येताना गुंडाळलेल्या प्लॅस्टिकमध्ये तसंच बांधलेलं. प्लॅस्टिकवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ.

"पुढच्या तिमाहीत सुरू होणार, सर," मॅनेजर म्हणाला.

"मग आमच्याकडची ती काच?" दामोदरांनी विचारलं.

"ती परदेशी भागीदारांनी पाठवलेली, सर. आपल्याकडे अजून व्हायची आहे."

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. यशवंतपूर स्टेशन गेलं तरी दामोदर टोकन बोटांत फिरवत होते. मला वाटलं, अपमान झालाय, बोलतील सावकाश. बोलले ते असं.

"हेमा, मी घेतलेत."

"काय घेतलंत?"

"शेअर. मुकुलच्या ठेवीतून. रिव्ह्यूच्या आधीच."

"किती?"

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "सगळे."

डब्यात माणसं होती म्हणून मी ओरडले नाही. एवढंच म्हणाले, "मग निकालाच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर का नाही गेलात?" एवढ्या वर्षांत या माणसाचा मला राग खूपदा आला, कीव पहिल्यांदा आली. उन्हात टोपी घालून बसलेला तो आनंद, ते मोजून काढलेले आकडे, सगळं आधीच झालेल्या गोष्टीवर शिक्का मारायला होतं. कोणाला फसवायला नव्हे हो, स्वतःला धीर द्यायला.

घरी आल्यावर ते सरळ बाथरूममध्ये गेले. काच कडेने पिवळी पडली होती. शिळ्या वरणाचा येतो तसला रंग.

सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या आधीच ते फोन घेऊन बसले होते. ग्रुपवर टाकायचा मजकूर तयार होता. नमुना टिकला नाही, कारखान्यात यंत्र सुरू नाही, माझा आधीचा अभिप्राय मी मागे घेतो. वाचून दाखवला आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला.

"आधी विका, मग लिहा."

"हे बरोबर नाही, हेमा. माझ्या नावावर लोक घेतायत."

"लोकांना मुकुल नाहीये."

"असेल कुणाला. आपल्याला काय माहीत?"

"मला माहीत करून घ्यायचं नाही," मी म्हणाले. "तुम्ही हे पाठवलंत तर दुपारपर्यंत भाव आपटेल आणि आपल्याच गळ्यात दगड राहील. मग त्याच्यासमोर बसून बरोबर-चूक सांगा त्याला."

त्यांनी विकले. घेणारे रांगेत उभे असावेत तसे पटापट गेले. मूळ रक्कम परत आली, वर जवळजवळ निम्मी आणखी. मी शिरा केला. मुकुल दोनदा मागून जेवला. दुपारी दामोदरांनी पुन्हा फोन हातात घेतला, तेव्हा मी म्हणाले, "आता काय लिहिणार? स्वतः विकून मोकळे झाले आणि मग गावाला शहाणपण सांगतायत, असंच म्हणतील. शनिवारी तोंडी सांगा तुमच्या दोस्तांना." हेही खरंच होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

बुधवारपासून शेअर पडायला लागला. बाजाराच्या नियमाने एका दिवसात जेवढा पडू देतात तेवढा रोज पडून तिथेच बंद, घेणारा कुणी नाही. गिरीराजने ग्रुपवर इतरांचं बोलणं बंद करून टाकलं. शनिवारी हयवदन आले नाहीत, नागोजीराव आले नाहीत. त्यांनी घेतले होते का, हे दामोदरांनी विचारलं नाही आणि मीही विचारा म्हटलं नाही. आम्ही वरच्या पैशासकट सगळ्या रकमेचा चेक लिहिला आणि मुकुलला घेऊन आनेकलच्या बसमध्ये बसलो. सगळी वाट मी त्याला सांगत होते, तुझी खोली, तुझं कपाट, तिथे तू घड्या घालायच्यास.

"या की, अक्का. बस रे बाळ," महानंदाबाई म्हणाल्या. चहा टाकायला सांगितला, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. खिडकीतून मागचं मोकळं आवार दिसत होतं. नव्या खोल्यांसाठी चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा होत्या, खड्डे नव्हते, माणसं नव्हती.

मी चेक काढून टेबलावर ठेवला. "काम सुरू व्हायचंय वाटतं अजून?"

"व्हायचं होतं बघा या आठवड्यात." त्यांनी चेककडे नीट पाहिलंही नाही, दामोदरांकडे वळल्या. "अण्णा, बरं झालं तुम्ही आलासा. तुम्हालाच विचारायचं होतं. ती सोलरची कंपनी, अर्ककिरण. तुम्ही मोजून बघितल्याचा मेसेज माझ्या भाच्यानं दाखवला. तुमचं नाव बघितलं आन् मी फुडं काही इचार केला न्हाई. आईच्या वाटणीची जमीन इकून खोल्यांसाठी ठेवलेलं, ते घातलं. म्हटलं, दोन खोल्यांच्या चार हुतील. आता रोज खाली चाललंय. इकायला लावलं तर घेणाराच न्हाई म्हणतंय पोरगं. असं का हुतंय हो?"

दामोदर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

"पण तुम्ही बी शेअर घेऊन ठेवलं असणार की," बाई म्हणाल्या, "म्हणून मी धीर धरून हाय."

एरवी माझं तोंड आवरत नाही. वर्गात पोरांनी एक पायरी गाळली तरी मी फळ्यापाशी उभं करायची. त्या वेळी मात्र मी आधी आलेल्या चहाचे कप एकेकापुढे ठेवले.

"आम्ही विकले," मी म्हणाले.

"कवा?"

"सोमवारी."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "सोमवारीच घेतलं मी, अक्का. सकाळच्याला."

बाजारात कुणाचं कुणाकडे गेलं हे कळत नाही. कळायची गरजही नव्हती. एकाने विकल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, इतकं गणित मला येतं. बाई मला एक शब्द लावून बोलल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्या बोलल्या नाहीत. चेक उचलून त्यांनी माझ्यासमोर सरकवला.

"ह्यो घेऊन जावा. खोलीच हुणार न्हाई तर ठेव कशाची घेऊ?"

"ठेवा," दामोदर म्हणाले. "ते पैसे तुमचेच आहेत, महानंदाबाई. मुद्दलही आणि वरचा नफाही."

मुकुल खिडकीपाशी उभा होता. "आई, माझी खोली कुठली?" त्याने विचारलं. "त्यातली कुठली?"

त्याने पुन्हा विचारलं. दामोदर उठून त्याच्याजवळ गेले. महानंदाबाई थांबल्या होत्या, मी काय करते ते बघत. चेकवर माझा हात होता. केव्हा ठेवला ते मला आठवत नाही, आणि तो काही केल्या मला उचलता येत नव्हता.