तळ्यात पोहणारे बैल

"सलोमे, बैल कुठी गेले?"

धनीराम सुतार हातातली पिशवी घेऊन दारातच थांबला. पोळ्याच्या सणासाठी तो मोहाडीहून पिवळा रंग आणि बारीक खिळे घेऊन आला होता. सकाळी ओट्यावर वाळत घातलेले लाकडी बैल तिथं नव्हते. त्यांच्या चाकांचे ओले ठसे तेवढे उरले होते.

त्याची आठ वर्षांची लेक सलोमी रंध्याच्या भुशात पाय पसरून बसली होती. तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"तळ्यात," ती म्हणाली.

"कोणं टाकले?"

"मीनं. पयले जाळणार होती. मोशेनं जाळलं ना वासरू. पण आईनं चुलीजवळ येऊच नाही देल्लं. तिले वाटलं, मी खेळून राहिली."

धनीराम खाली बसला. उद्या तान्हा पोळा. आंधळगावची लहान पोरं लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेणार आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे ठेवणार. हे बैल गावभराच्या घरांनी त्याला करायला सांगितले होते. गावात ख्रिस्ती घर हे एकच. धनीरामच्या बापाच्या वेळेपासून ते ख्रिस्ती होतं आणि तेव्हापासून गावाचे वखर, खाटा, पाळणे इथंच होत होते. कुणी कधी वेगळं पाहिलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदाच जाणं व्हायचं, एसटी मिळाली तर. बाकीच्या रविवारी धनीराम पोरीला घरीच धर्मग्रंथातून शिकवायचा. तो मोठेपणी वाचायला शिकला होता. ओळीखाली बोट धरून वाचायचा, अडला की डोळे मिटून आठवून सांगायचा, आणि ते सांगणंच जास्त रंगायचं. गेल्या रविवारी सोन्याच्या वासराची गोष्ट होती: लोकांनी वासराची मूर्ती करून पुजली, आणि मोशेनं ती जाळून, कुटून पाण्यात टाकली. मोशेचा राग दाखवायला त्यानं ठोकळ्यावर हातोडा आपटला होता. सलोमी डोळे मोठे करून ऐकत होती. तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं.

चंद्रकला आतून आली. तिला आत्ताच सगळं कळलं होतं.

"सांगा आखीन गोष्टी," ती नवऱ्याला म्हणाली. "हातोडा आपटू आपटू सांगा. आता गावाले का सांगता, ते पाहा."

पोरीला रागवावं, असं त्याच्या मनात आलं. पण कशाबद्दल रागवायचं? त्यानं सांगितलेलं तिनं खरं मानलं म्हणून? आणि नाही रागवावं, तर उद्या दारात रडणाऱ्या पोरांना काय सांगायचं?

"चाल," तो उठला. "तळ्यावर चाल माह्यासंगं."

तळ्यावर पुंडलिकराव आपली बैलजोडी धूत होते. बाकीच्यांच्या जोड्या धुऊन, शिंगं रंगवून घरी गेल्या होत्या. पुंडलिकरावांना दर पोळ्याला उशीरच व्हायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते कमळाच्या पानांकडे पाहत होते. पानांमधून सावरीच्या हलक्या लाकडाचे बैल तरंगत होते. कुणी आडवा, कुणी पाय वर करून. भोवतीच्या पाण्यात रंगाचे ओघळ पसरले होते.

"का गा धनीराम," पुंडलिकराव म्हणाले, "तुह्ये बैल माह्यायपेक्षा हुशार दिसते. इनासांगता आंघोळीले आले."

पोट्टी खेळता खेळता घेऊन आली, हे वाक्य धनीरामच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं बाजूला पाहिलं. सलोमी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"पोरीनं टाकले, मालक," तो म्हणाला. "आमच्या ग्रंथात वासराच्या मूर्तीची गोष्ट हाये. मीनंच सांगतली होती. तिनं ते मनावर घेतलं."

पुंडलिकराव पाणी कापत काठाशी आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. शिवाय नातीचा, धुरपताचा बैलही त्यातच होता.

"काहून व पोरी, माह्या धुरपतीचा बैल तुह्या देवाले नाही आवडला?"

"तुमी त्याले कुंकू लावता," सलोमी म्हणाली. "पाया पडता."

"पडतो त. ह्यायच्याही पडतो." त्यांनी ओल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. "सालभर माह्यासाठी चिखलात राबते हा. एक दिवस मी वाकलो, त कोनाचं का गेलं?"

सलोमीनं बापाकडे पाहिलं.

"आन् धुरपता रडन, तिले कोन समजावन?" पुंडलिकरावांनी विचारलं. "तुह्या देवानं ते काई सांगतलं का?"

सलोमीचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चाल धनीराम, धोतर खोच," पुंडलिकराव म्हणाले. "आंधी बैल काहाड. देवाचं मंग पाहू."

दोघांनी मिळून बैल काढले. सलोमी काठावर उभी राहून एकेक फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. सगळ्यांत लहान, चामड्याच्या कानांचा बैल मात्र मिळाला नाही. तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं. त्या धारेत तो खालच्या धानाच्या बांध्यांकडे निघून गेला असावा. तो धुरपताचा होता. पुंडलिकरावांनी धारेकडे पाहिलं, मान हलवली आणि आपली जोडी घेऊन ते घरी गेले.

घरी परतताना सलोमीनं विचारलं, "बाबा, मोशेचं चुकलं का?"

"मोशेनं आपल्या लोकायचं वासरू जाळलं. तू दुसऱ्याचं घेतलं, न इचारता."

सलोमी थोडं चालली. "पण बनवलं त तूनं. मंग ते आपल्याच घरचं नाही होय का?"

धनीराम थांबला. त्याला पहिल्यांदा हसू आलं, मग ते मावळलं. एवढा सरळ प्रश्न त्याला भंडाऱ्याच्या चर्चमधल्या पाळकानंही कधी विचारला नव्हता. त्याच्या हातचे बैल खेळायचे होते असं तो धरून चालला होता. पुढं कुणी त्यांच्यापुढं हात जोडले, तर ते त्याचं त्याचं.

"ते बरोबर हाये," तो शेवटी म्हणाला. "त्याचा जबाब देवाले मी देईन. धुरपतीले तू दे."

सलोमी एकटीच पुंडलिकरावांच्या घरी गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात पुरणपोळी होती.

"धुरपता रडली," सलोमी म्हणाली. "मंग मीबी रडली. मंग तिच्या आजीनं आमाले दोघीले खाले देल्लं."

संध्याकाळी चंद्रकलेनं गेरू आणि चुना कालवला, आणि मायलेकींनी धुपलेले बैल पुन्हा रंगवले.

सकाळी उजाडताच धनीरामनं सावरीचा तुकडा घेतला. सलोमी न बोलावता येऊन बसली. तिनं लाकूड धरलं, पालिश कागदानं पाठ घासली, जुन्या चपलेचे कान कापून दिले. चाकं बसली की नाही ते जमिनीवर ओढून पाहिलं. मग बैल बापापुढं ठेवून ती थोडी मागं सरकली.

"डोळे मी नाही काढत," ती म्हणाली. "मंग लोक त्याच्या पाया पडते."

"नको काढू," धनीराम म्हणाला.

त्यानं काडीला कापूस गुंडाळला आणि काळ्या रंगात बुडवला. आजवर त्यानं कितीतरी बैलांना डोळे दिले होते. हात कधी थांबला नव्हता. आज काडी लाकडापासून बोटभर अंतरावर थांबली. बाहेर पोरांचा गलका सुरू झाला होता. त्यानं एक डोळा काढला. मग दुसरा.

धुरपता दारात येऊन उभी होती. नवीन परकर, केसांत रिबीन. तिनं बैल पाहिला, कान ओढून पाहिले.

"पयल्यापेक्षा चांगला हाये," ती म्हणाली. "माह्यासंगं चालतं का, सलू?"

सलोमीनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं दोरी हातात घेतली आणि दोघी निघाल्या. बैल खडखडत त्यांच्यामागून चालला. जिथं पोरं तोरणाखाली रांगेत उभी राहत होती, त्या वळणापर्यंत सलोमी गेली. तिथं तिनं दोरी धुरपताच्या हातात दिली.

धनीराम उंबऱ्यात उभा राहून पाहत होता. पुढं जा, असं त्यानं तिला म्हटलं नाही, परत ये असंही नाही. ढोल वाजू लागला, रांग हलली. सलोमी हात हलवत, मोकळ्या रस्त्यानं घराकडे येत होती. तो उंबऱ्यातून थोडा बाजूला सरकला आणि त्यानं तिला आत यायला जागा केली.