बोल्टांची अदलाबदल

रविवारी सकाळी कवळीवाल्यांच्या घरी फोन वाजला की तो विमावाल्यांचा, हे ठरलेले. बाकीचा आठवडा फोन नुसता टेबलावर पडून असायचा. मुलगी लांबच्या शहरात होती. ती नातवाचे फोटो पाठवायची, खाली दोन ओळी लिहायची. कधी वेळ काढून तिने फोन केलाच, तर बाप "हं", "बरं", "जेवलो" याच्या पुढे जायचा नाही.

कवळीवाल्यांनी जन्मभर दातांच्या कवळ्या केल्या. एका दवाखान्यामागच्या खोलीत, मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या पसाऱ्यात त्यांची सगळी नोकरी झाली. "लोकांची तोंडं चालावीत म्हणून राबतात, आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप," असे त्यांची बायको म्हणायची. संसारभर दोघांच्या वाटचे बोलणे ती एकटीच बोलली. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि बोलणे तिच्याबरोबर गेले.

मागे राहिल्या त्या रायफली. जुन्या, लष्करी, आजोबा-पणजोबांच्या काळातल्या. गोळी झाडायची हौस कवळीवाल्यांना कधीच नव्हती. त्यांच्या सगळ्या रायफलींच्या नळ्या कायद्याप्रमाणे कायमच्या बंद केलेल्या होत्या आणि सगळ्यांचे कागद कपाटात होते. त्यांना आवडायचे ते लोखंड आणि लाकूड. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळायचे, तेही इतके पातळ की हाताला लागावे पण डोळ्याला दिसू नये. लोखंडाला हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण घामाचे बोट लागले की थोड्याच दिवसांत तिथे बोटाएवढा गंज उठतो. अशा कामात त्यांची दुपार जायची.

विमावाल्यांचाही हाच छंद. माणूस मात्र अगदी उलटा. विम्याची एजन्सी चालवून निवृत्त झालेला, पण जिभेला निवृत्ती माहीत नाही. संग्राहकांच्या एका मेळाव्यात दोघांची ओळख झाली, आणि ती करून दिली कवळीवाल्यांच्या बायकोने. ती बिचारी कंटाळून टेबलाटेबलांवरून फिरत होती आणि वेळ घालवायला रायफलींवरचे नंबर वाचत होती. फिरता फिरता परत आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या बंदुकीचा नंबर तिकडे त्या बडबड्या माणसाच्या टेबलावर आहे."

"शक्य नाही."

"मग माझे डोळे फुटले असतील. जाऊन बघा तरी."

कवळीवाले गेले आणि बघतच राहिले. रायफलीच्या पाठीवर, दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. रायफलीवर जो नंबर, तोच तिच्या बोल्टावर कोरलेला असतो. पण ज्या लढाईतल्या या रायफली, ती संपली तेव्हा हरलेल्या सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि पुन्हा कुणी गोळी घालू नये म्हणून सगळे बोल्ट काढून वेगळ्या ढिगात टाकले. पुढे कुठल्यातरी गोदामात, ज्याच्या हाताला जो बोल्ट आला तो त्याने समोरच्या रायफलीत कोंबला. म्हणून जुळणारा नंबर मिळणे म्हणजे संग्राहकाला लॉटरीच. इथे तर कवळीवाल्यांच्या रायफलीचा बोल्ट विमावाल्यांच्या रायफलीत, आणि त्यांचा यांच्या.

"आता घ्या बदलून आणि मला घरी न्या," बायको म्हणाली. "माझे पाय दुखायला लागले."

पाच मिनिटांचे काम. पण विमावाले म्हणाले, "माझ्याकडचा बोल्ट जास्त चांगला राहिलाय. वर काहीतरी द्यावं लागेल. तुमचा तो चामड्याचा पट्टा द्या."

"पट्टा नाही," कवळीवाले म्हणाले.

घोडे तिथेच अडले. पुढच्या रविवारी विमावाल्यांचा फोन आला, पट्ट्याचा काय विचार केलात? त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मग पट्टा मागे पडला आणि बोल्टाच्या मुठीवरचा ओरखडा आला. विमावाले म्हणायचे ओरखडा आहे, कवळीवाले म्हणायचे ओरखडा नाही, वापरून घासलंय. अशी वर्षे गेली. दोघेही हट्टाला पेटलेले, आणि दोघांनाही अदलाबदलीची काही घाई नव्हती.

बायको फोन उचलायची आणि हाक मारायची, "घ्या, माझी सवत बोलतेय."

तिकडून विमावाल्यांचा आवाज यायचा, "सवतीला निदान चहाला तरी बोलवा म्हणावं, वहिनी!"

ती गेली त्याच्या पुढच्या रविवारीही फोन वाजला. सांत्वन करायला आलेले सगळे पाहुणे तोवर परतले होते. कवळीवाल्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी विमावाले खाकरले आणि म्हणाले, "बरं, ते असो. पण तुमच्याकडच्या बोल्टाच्या मुठीवर ओरखडा आहे, त्याचं काय?"

"ओरखडा नाही," कवळीवाले म्हणाले. "घासलंय." आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. विमावाले पलीकडे ओरखड्याबद्दल बोलत राहिले, थांबले नाहीत. त्या दिवसाचे उपकार कवळीवाल्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत, पण विसरलेही नाहीत.

आणि आता या रविवारी विमावाल्यांनी भलतेच सांगितले. "मंगळवारी या. बोल्ट घेऊन या. बदलून टाकू. वर काही नको."

"काही नको? का?" कवळीवाल्यांनी विचारले. "काय झालं?"

पण फोन बंद झाला होता. त्यांनी उलटा फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

मंगळवारी कवळीवाल्यांनी बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळला, कोटाच्या खिशात घातला आणि बसमध्ये बसले. इतकी वर्षे ज्या बोल्टासाठी भांडलो तो आता फुकट मिळणार, तर माणसाला आनंद व्हायला हवा. पण त्यांना दुसरेच दिसत होते. अदलाबदल झाली की भांडण संपले. भांडण संपले की रविवार संपला. दोन म्हातारे पुरुष, नात्याचे ना गोत्याचे, फोन करून एकमेकांना म्हणणार काय? कसे आहात? त्या प्रश्नाला कवळीवाल्यांकडे "बरा आहे" एवढेच उत्तर होते, आणि ते दर आठवड्याला ऐकायला कुणी फोन करत नाही.

विमावाल्यांचा थांबा येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकले. सांगायचे, बोल्ट घरी विसरलो. मग पुढच्या रविवारी ते चिडून फोन करतील. निदान एक महिना तरी त्यावर निघेल.

दार विमावाल्यांच्या मुलाने उघडले. आत खोकी, गुंडाळलेल्या चटया, भिंतींवर तसबिरी काढल्याचे चौकोन. "या काका. बाबांना आम्ही आमच्याकडे घेऊन चाललोय," मुलगा म्हणाला. "रायफलींना तिकडे जागा नाही. उद्या संग्रहालयाची माणसं येऊन नेतील. आणि काका, मोठ्यानं बोलून काही उपयोग नाही. पाटीवर लिहा."

"पाटीवर? का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? गेल्या थंडीपासून त्यांना अजिबात ऐकू येत नाही. कानाची यंत्रं लावून झाली. सगळ्यांनी हात टेकले."

"दर रविवारी तर बोलतात माझ्याशी."

"ते आम्हालाही कोडंच आहे," मुलगा म्हणाला आणि खोके उचलून बाहेर गेला.

विमावाले आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. मांडीवर ती रायफल आडवी. मेळाव्यात पाहिले होते त्याच्या निम्मे झाले होते, पण कवळीवाल्यांना पाहताच टकळी सुरू झाली, तीही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "आलात! बसा. ते खोकं सरकवा. चहा येईल, सुनेनं कपसुद्धा बांधून टाकलेत म्हणा, पण काहीतरी करेल."

कवळीवाल्यांनी शेजारची पाटी घेतली आणि लिहिले, "फोनवर काय ऐकत होता?"

विमावाल्यांनी चष्मा वर करून वाचले. जरा ओशाळले, मग हसले. "काही नाही. तुमचं बोलणं मला पाठ आहे. मी ओरखडा म्हणालो की तुम्ही म्हणणार घासलंय. मग मी जरा दम खायचा आणि पुढचं बोलायचं. त्यात ऐकायचं काय?"

"मग फोन कशाला?" कवळीवाल्यांनी लिहिले. खडू मोडला.

"तुम्ही उचलता का ते बघायला." विमावाल्यांनी खिशातून मोबाईल काढून दाखवला. "तुम्ही उचललात की इथे सेकंद पळायला लागतात. ते पळाले की माझी आठवड्याची काळजी मिटली. वहिनी गेल्यावर मला धास्ती बसली होती. तुम्ही पडलात, झडलात, तर तुम्ही कुणाला सांगणार? तुम्ही शेजाऱ्यालासुद्धा सांगणार नाही."

कवळीवाल्यांनी बोलायला तोंड उघडले, मग पाटीवर लिहिले, "आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, उगाच कशाला त्रास, राहू दे. 'राहू दे' तुमच्या ओठांवर तयार असतं. म्हणून नाही सांगितलं." ते रायफलीकडे वळले. "तिकडे मुलाच्या घरी दोनच खोल्या. नातवंडं अभ्यासाला बसलेली असतात, मी फोनवर असा बोंबलायला लागलो तर सून दुसऱ्या दिवशी घराबाहेर काढेल. आणि ही रायफल उद्या काचेमागे जाणार. पोटात दुसरीचा बोल्ट घेऊन. म्हटलं, जाता जाता तिचं तिला मिळू दे."

कवळीवाल्यांनी पाटी पुसली. खडूचा उरलेला तुकडा घेतला आणि लिहायला लागले, "बोल्ट". पुढे हात चालेना.

विमावाले वरून वाचत होते. "विसरलात ना?" ते म्हणाले. "वाटलंच होतं मला. असू दे. काचेमागचा नंबर कोण वाकून वाचतंय." असे म्हणाले खरे, पण हाताने रायफलीचा दस्ता कुरवाळत होते, आणि हात थांबत नव्हता.

आता नुसते गप्प बसायचे होते. गप्प बसणे कवळीवाल्यांना जन्मभर जमले होते. पुढचा रविवार होईल, त्याच्या पुढचाही कदाचित. ते गप्प बसले. सुनेने चहा आणून ठेवला, ती गेली. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि फडके काढून विमावाल्यांच्या मांडीवर ठेवले.

विमावाल्यांनी फडके सोडले. बोल्ट खिडकीच्या उजेडात धरून नंबर वाचला, रायफलीवरचा वाचला, पुन्हा बोल्टावरचा वाचला. रायफलीतला जुना बोल्ट काढून, पुसून, त्याच फडक्यात बांधून त्यांनी कवळीवाल्यांच्या हातात दिला. मग तिचा बोल्ट तिच्यात घातला, पुढे सारला आणि मूठ खाली दाबली.

खट्.

विमावाल्यांनी तळहात लोखंडावर ठेवून पाहिला. हातमोजा नव्हता, पण कवळीवाले काही बोलले नाहीत.

"बसला," विमावाले म्हणाले. "हाताला कळतंय. आवाज आला का?"

कवळीवाल्यांनी मान डोलावली.

"कसा? सांगा ना. पाटी ठेवा ती, तोंडानं सांगा. मी तोंडाकडे बघतो."

कवळीवाले सांगायला लागले. आधी म्हणाले, खट् झालं. मग ते थांबले, आणि मग भलतेच बोलायला लागले. म्हणाले, "घर फार गप्प असतं हो. संध्याकाळी मी रायफलींवरचे नंबर मोठ्यानं वाचतो. एकेक आकडा. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. ती असती तर म्हणाली असती, आता सुचलं का तोंड उघडायला. मुलीला हे सांगत नाही, ती मला घेऊनच जाईल तुमच्यासारखं. तिची आई हसायची ना, तर सबंध घर... मी कधी तिला म्हटलं नाही की हस अजून. तिची तीच हसायची. मला वाटायचं ते असतंच घरात, पंख्यासारखं. आता रविवारी मी काय करू? फोनजवळ तर बसणारच. सवयीनं बसणार." ते बोलत होते आणि खाली पाहत होते, मग आठवण होऊन तोंड वर करत होते, विमावाल्यांना दिसावे म्हणून.

विमावाले त्यांच्या ओठांवर नजर लावून बसले होते. भलत्याच ठिकाणी मान हलवत होते. एकदा "अगदी बरोबर" असेही म्हणाले. कवळीवाले थांबले तेव्हा विमावाल्यांनी थंड झालेला चहा त्यांच्या हातात दिला.

"एवढा वेळ सांगताय," ते समाधानाने म्हणाले, "म्हणजे चांगलाच आवाज आला असणार."

"हो," कवळीवाले म्हणाले. "चांगला आला."